सव्वासहाच्या सूचनेबाबत

प्रति,
मा. साहित्य व संगणक अधिकारी,
मराठी कुटुंब कल्याण केंद्र,
कस्तुरबा गांधी मार्ग, नवी दिल्ली.

अर्जदार: दिनकर ज्ञानोबा इंगवले, निवृत्त मुख्य लिपिक, वय ६१, रा. फरीदाबाद.

विषय: केंद्राच्या मालकीच्या संगणकासाठी लिनक्सचे वितरण व डेस्कटॉप निवडून कळविणे आणि सदर संगणकाची डिस्क पूर्ण न पुसणेबाबत.

संदर्भ: आपली दि. ३ नोव्हेंबर २०२५ ची नोटीस, व परत आलेल्या प्रपत्रावरील लाल शाईचा शेरा.

महोदय,

१. अर्जदाराच्या पत्नी कै. भानुमती यांनी आपल्या केंद्राची मासिक पत्रिका नऊ वर्षे टाइप करून दिली. त्या कामासाठी केंद्राने २०१९ साली त्यांना एक संगणक घरी वापरावयास दिला. दि. २ नोव्हेंबर २०२३ रोजी डेंग्यूने त्यांचे निधन झाले. अर्जदाराने निवृत्तीनंतर तेच काम, दोन बोटांनी का होईना, पुढे चालू ठेवले, म्हणून संगणक आजही अर्जदाराकडे आहे. आता आपल्या नोटिशीप्रमाणे वितरणाचे व डेस्कटॉपचे नाव प्रपत्रात लिहून द्यायचे आहे, आणि येत्या २८ तारखेला केंद्राचा माणूस येऊन डिस्क पूर्ण पुसून तेवढेच नव्याने बसवून जाणार आहे. ती पूर्ण पुसली जाऊ नये, एवढ्यासाठी हा अर्ज. बाकी सर्व खुलासा आहे, पण तो वाचल्याशिवाय विनंती समजणार नाही, म्हणून सविस्तर देणे भाग आहे.

२. अर्जदाराचे प्रपत्र आजवर तीन वेळा परत आले. पहिल्या वेळी वितरणाच्या रकान्यात नुसते ‘लिनक्स’ लिहिले होते. ती अर्जदाराची चूक. लिनक्स एकच, पण ते बांधून देणारे हात अनेक; प्रत्येकाच्या गाठोड्याला वितरण म्हणतात, आणि त्यावर डोळ्यांना जे दिसते तो डेस्कटॉप. एकाच कणकेची कोणी पोळी लाटतो, कोणी पुरी. दुसऱ्या वेळी ‘उपयोग’ या रकान्यात ‘दैनंदिन काम व खेळ’ असे खरे ते लिहिले, तर ‘खेळ कोण खेळतो?’ अशी पृच्छा झाली. तिसऱ्या वेळी ‘वापरकर्ते’ या रकान्यात ‘दोन’ लिहिले. त्यावर आपल्या कार्यालयाने शेरा मारला की, ‘मयत व्यक्तीचे खाते सोमवार ते शुक्रवार रोज वापरात असल्याचे तपासणीत आढळते. तात्काळ खुलासा करावा.’ तो पुढीलप्रमाणे.

३. सदर संगणकावर लिनक्स बसवले ते अर्जदाराची कन्या रुचिरा हिने. त्या वेळी ती कॉलेजात होती. कोणते वितरण घ्यायचे यावर घरात पंधरा दिवस खल झाला. भानुमतींच्या अटी तीन होत्या: मराठी जोडाक्षरे फुटू नयेत, चष्मा सापडत नसला तरी वाचता यावे, आणि गाड्यांच्या शर्यतीचा खेळ अडखळू नये. तिसरी अट ऐकून अर्जदार हसला. त्यावर त्या म्हणाल्या, “हसताय काय? दिवसभर टाइप करते, तासभर गाडी चालवते. पेट्रोल तुमच्या खिशातलं जात नाही.” शेवटी कुबुंटू हे वितरण आणि त्यावरचा प्लाझ्मा डेस्कटॉप ठरला. अर्जदाराने त्या संगणकाला चार वर्षांत हात लावला नाही. स्वतःचे खाते उघडून घ्या, असे भानुमतींनी अनेकदा सांगितले होते. अर्जदाराने ‘बघू’ म्हटले. त्यामुळे आजही त्यावर खाते एकच आहे, आणि अर्जदार बसतो तो पत्नीच्या नावाने बसतो. शेऱ्यातील ‘रोज वापरात’ या भागाचे उत्तर येथे संपते. ‘मयत’ या भागाचे संपत नाही.

४. अर्जदार दि. ३१ मे २०२४ रोजी निवृत्त झाला. सोमवार दि. ३ जून ही त्याची सरोजिनी नगरच्या क्वार्टरमधली, कामाच्या दिवसाची पहिली रिकामी संध्याकाळ. सात महिन्यांनी संगणक सुरू करून तो पत्रिकेचे जुने अंक चाळत होता. बरोबर सव्वासहाला घंटी दोनदा वाजली आणि पडद्याच्या मधोमध एक चौकोन उमटला. त्यात लिहिले होते:

‘भानू, ऊठ. हे येतील.’

 अर्जदाराने आधी दाराकडे पाहिले. कोण येणार हे त्याला कळेना, कारण येणारा तोच होता आणि तो तर खुर्चीत बसलेला होता. अर्जदार भित्रा नाही. पण त्या संध्याकाळी तो स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ उभा राहिला, आणि तेथे कोणी नाही याची त्याने दोनदा खात्री केली.

५. मंगळवारी पुन्हा तेच. बुधवारी तेच. रुचिरा आता नोएडाला नोकरी करते, फक्त रविवारी येते, आणि रविवारी घंटी वाजतच नाही. त्यामुळे तिचे मत पडले की, “पप्पा, वहम आहे तुमचा. थोडं बाहेर फिरत जा ना यार.” शेजारच्या पार्वतीताईंनी मात्र शांतपणे ऐकून घेतले व म्हणाल्या, “भाऊ, वहिनींचा जीव अडकलाय कशात तरी. नारळ उतरवून टाका.” अर्जदाराचा अशा गोष्टींवर विश्वास नाही. नारळ उतरवला. शुक्रवारी सव्वासहाला घंटी वाजली.

६. तेव्हा अर्जदाराने आपल्याच केंद्राचे संगणक तंत्रज्ञ श्री. सिद्धांत यांना बोलावले व जुने काढून मिंट हे वितरण बसवून घेतले. भूत जाते तर सगळेच जाऊ दे, असा विचार होता. घंटी थांबली. पहिले आठ दिवस बरे गेले. मग सहा वाजून गेले की अर्जदार उगाच खुर्चीत सरसावून बसू लागला, आणि सव्वासहा उलटले की त्याला घरात कोणी रुसल्यासारखे वाटू लागले. हे त्याने तेव्हा कोणाला सांगितले नाही.

नोव्हेंबरात क्वार्टर सोडून अर्जदार फरीदाबादला आला. त्याच सुमारास रुचिराने रविवारच्या तिच्या खेळांसाठी संगणकात नवे ग्राफिक्स कार्ड घातले. त्या कार्डाला नव्यातले नवे लागते असे ती म्हणाली, म्हणून मिंट काढून फेडोरा बसवले. डेस्कटॉप कोणता, असे सिद्धांतने विचारले, तेव्हा तिने सवयीने ‘प्लाझ्मा’ म्हणून सांगितले. त्याने जुन्या यादीतले सगळे प्रोग्राम पुन्हा चढवले. संगणक सुरू झाला, तर मागे चित्र तेच: क्वार्टरच्या गच्चीवर जुन्या साडीवर वाळत घातलेले पापड. घर बदलले होते, वितरण दोनदा बदलले होते, मधल्या काळात वर्षश्राद्धही झाले होते. सोमवारी अर्जदार पाच वाजल्यापासून समोर बसून राहिला. सव्वासहाला घंटी दोनदा वाजली.

‘भानू, ऊठ. हे येतील.’

अर्जदार रडला, हे नमूद करणे प्राप्त आहे.

७. सिद्धांतने नंतर उलगडा केला तो त्याच्याच शब्दांत: “काका, डिस्कच्या दोन खोल्या केल्यात रुचिराने. बाहेरच्या खोलीत वितरण राहतं, आतल्या खोलीत काकूंचं सामान. आपण दर वेळी बाहेरचा भाडेकरू बदलला. आतलं कुलूप कोणी काढलंच नाही.” ती सूचना भानुमतींनी स्वतःसाठीच लावून ठेवलेली होती, सोमवार ते शुक्रवार, आणि ती लावण्याचे साधन प्लाझ्माबरोबर येते, म्हणून ती तेथेच बोलते. अर्जदाराने शहानिशा केली. ग्नोम हा दुसरा डेस्कटॉप लावून पाहिला; स्वच्छ, मोकळा, पण कोणी आले नाही. एक्सएफसीई लावून पाहिला. हलका, चपळ, पण तेथेही नाही. पुन्हा प्लाझ्मा लावला, आणि सव्वासहाला त्या आल्या. कुठेही गेले तरी पळसाला पाने तीनच असतात असे म्हणतात, पण येथे तसे नाही. आपल्या प्रपत्रात डेस्कटॉपसाठी एक इंचाची जागा आहे. त्या एका इंचात अर्जदाराने हे ठरवायचे आहे की, पत्नीने संध्याकाळी घरी यावे की येऊ नये.

८. येथपर्यंत प्रकरण दुःखाचे होते. पुढचे लाजेचे आहे.

शर्यतीच्या खेळात प्रत्येक दिवसाची नोंद राहते. अर्जदाराने ती एका दुपारी पाहिली. रविवारच्या बहुतेक सर्व शर्यती भानुमतींनी पुऱ्या केल्या आहेत आणि पुष्कळशा जिंकल्या आहेत. सोमवार ते शुक्रवार सहानंतर सुरू केलेली एकही शर्यत पुरी नाही. प्रत्येक शर्यत शेवटच्या, म्हणजे तिसऱ्या, फेरीत सोडलेली, सव्वासहाला. शेवटची, दि. १७ ऑक्टोबर २०२३, मंगळवारची, अजून थांबवलेल्या अवस्थेत आहे. त्यांची गाडी दुसऱ्या क्रमांकावर आहे आणि पहिली गाडी पुढच्या वळणावर दिसते आहे. दुसऱ्या दिवशी त्यांना ताप भरला.

संगणक आला तेव्हा त्यांनी अर्जदारास विचारले होते, रोज नक्की किती वाजता येता? अर्जदाराने ‘साडेसहापर्यंत’ असे सांगितले होते. वस्तुस्थिती अशी की, कार्यालय साडेपाचला सुटत असे, आणि साडेपाच ते साडेसात अर्जदार समोरच्या हिरवळीवर चार सहकाऱ्यांबरोबर रमी खेळत बसे. बावीस वर्षे. थंडीत खांबावरच्या दिव्याखाली. आठ वाजता घरी येऊन तो ‘साहेबांनी थांबवलं’ असे सांगत असे. साहेब पाचलाच निघून जात. (सदर खेळ कार्यालयीन वेळेनंतरचा असल्याने सेवानियमांचा भंग होत नाही. तरी नोंद घ्यावी.) रमीचा एकही डाव अर्जदाराने घरच्यासाठी अर्धवट टाकलेला त्याला आठवत नाही. घरी आल्यावर चहा दोनदा उकळल्यासारखा लागतो, अशी कुरकुर मात्र तो नेमाने करीत असे. तो पहिल्यांदा साडेसहाला उकळलेला असे, हे त्याला ती नोंद पाहिल्यावर कळले.

साहेब कधी थांबवत नव्हते, हे भानुमतींना ठाऊक होते की नव्हते, याचा विचार अर्जदार रोज करतो. ठाऊक नव्हते, तर त्या फसल्या. ठाऊक होते, तर मग त्या चार वर्षे कोणासाठी उठत होत्या? सूचनेची वेळ त्यांनी एकदाही पुढे सरकवलेली नाही. सिद्धांतने तपासून सांगितले.

९. डिस्क पुसण्याची तारीख कळल्यापासून सर्वांनी अर्जदारास आपापल्या परीने धीर दिला आहे. रुचिरा म्हणाली, “पप्पा, मी बॅकअप घेते ना, टेन्शन नका घेऊ. आईचं सगळं पेनड्राइव्हवर देते.” सिद्धांतने त्या चौकोनाचा फोटो काढून दिला, तो सोबत जोडला आहे. दोघांचीही समजूत अशी झाली आहे की, म्हाताऱ्याला ती हाक हवी आहे. ते दोघे चांगले आहेत, त्यांना अर्जदाराने दुखवले नाही. परंतु आपल्यासमोर खोटे लिहिता येत नाही. ती हाक अर्जदाराला सहन होत नाही. एक बाई गेल्यानंतरसुद्धा रोज त्याच्यासाठी उठवली जाते, आणि तो समोर बसून पाहतो.

१०. सबब विनंती अशी की,

(अ) वितरण फेडोरा व डेस्कटॉप प्लाझ्मा हेच कायम ठेवण्यास मंजुरी मिळावी. नव्या प्रपत्रात ‘उपयोग’ पूर्वीप्रमाणेच ‘दैनंदिन काम व खेळ’ राहील. ‘खेळ कोण खेळतो?’ याचे उत्तर वर दिले आहे.

(आ) डिस्कची बाहेरची खोली खुशाल पुसावी. आतली खोली पुसू नये. अर्जदाराचे स्वतंत्र खाते उघडावे, आणि वापरकर्ते ‘दोन’ राहू द्यावेत. नियमात बसत नसेल तर अर्जदार संगणकाची ठरवाल ती किंमत भरून तो विकत घेण्यास तयार आहे.

(इ) आतल्या खोलीतून फक्त एक गोष्ट काढावी, ती म्हणजे सव्वासहाची सूचना. हे काम सिद्धांतच्या हातून व्हावे. अर्जदाराने स्वतः अनेकदा प्रयत्न केला. ‘ही सूचना कायमची काढायची का?’ असे यंत्र विचारते, आणि त्याच्या वरच ‘हे येतील’ असे लिहिलेले असते. जो कधी वेळेवर आला नाही, त्याने ते खोडणे बरोबर दिसत नाही. सिद्धांत काम करीत असताना अर्जदार स्वयंपाकघरात थांबेल.

अर्जदार हल्ली संध्याकाळी घरीच असतो, पत्ते सोडले आहेत आणि चहा स्वतः करून घेतो. तरी भानुमतींना यापुढे कोणी उठवू नये. त्यांची एक फेरी राहिली आहे.

योग्य ते आदेश २८ तारखेपूर्वी व्हावेत.

आपला नम्र,

(सही)
दिनकर ज्ञानोबा इंगवले
फरीदाबाद, दि. १७ नोव्हेंबर २०२५

सोबत:
१. परत आलेली प्रपत्रे, तीन.
२. मृत्यूच्या दाखल्याची प्रत.
३. पडद्याचा फोटो, सायंकाळी ६ वाजून १५ मिनिटे.