रिमोट कोणाच्या हाती द्यावा

मी, सौ. सिद्धम्मा शिवलिंगप्पा कलशेट्टी, वय सदुसष्ट, धंदा पिठाची गिरणी, राहणार नळदुर्ग, तालुका तुळजापूर, जिल्हा धाराशिव, हे मृत्युपत्र राजीखुशीने करून ठेवते. माझ्यावर कोणाचा दाब नाही. माझे डोके ठिकाणावर आहे, हृदयाची एक झडप तेवढी ठिकाणावर नाही. ती बदलण्यासाठी पुढच्या आठवड्यात मला सोलापूरला दवाखान्यात नेणार आहेत. आमच्या डॉक्टर श्रावस्तीताई म्हणतात, काही होत नाही. काही झाले नाही तर हा कागद कपाटात पडून राहील, त्याला काय खायला घालावे लागत नाही. मजकूर मी तोंडी सांगितला, वकीलसाहेबांनी लिहून घेतला. मध्ये मी जे घरगुती बोलले आहे ते त्यांनी गाळू नये, अशी त्यांना ताकीद दिलेली आहे.

माझ्या मागे माझे पती श्री. शिवलिंगप्पा, मुलगा शांतलिंग, सून मोनिका आणि मुलगी दीपमाला राहतील. शांतलिंग आणि मोनिका पुण्यात असतात. दीपमालाला लातूरला दिलेली आहे. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. नळदुर्गातले राहते घर माझ्या नावावर आहे. ते यांच्या हयातीपर्यंत यांच्याच ताब्यात राहावे, नंतर दोन्ही मुलांनी सारखे वाटून घ्यावे. मागच्या खोलीतले मोठे टेबल कोणी आवरू नये. त्याच्यावरचा थर्माकोल, बांबूच्या काड्या आणि वायरी कचरा नाही. ते अर्धवट झालेले हरिकेन विमान आहे.

कलम २. गिरणी दीपमालाला. तिने चालवावी किंवा भाड्याने द्यावी, पण सणासुदीला पुरणाचे दळण कोणाला नाही म्हणू नये. बोरमाळ तिलाच. पाटल्या मोनिकाला. बँकेतली ठेव यांच्या औषधपाण्यासाठी.

कलम ३. हे कलम वकीलसाहेबांच्या मते मृत्युपत्रात बसत नाही. पण याच्याशिवाय पुढचे काही कळणार नाही, म्हणून बसवले आहे.

यांचे हायवेला मोटार वाइंडिंगचे दुकान होते. आसपासच्या जळालेल्या पंपांच्या मोटारी यांच्याकडे यायच्या. वय झाल्यावर दुकान बंद केले आणि यांना करमेना. शांतलिंगने मोबाइल घेऊन दिला, त्यात यांना विमाने सापडली. बसायची नव्हे. जुन्या लढाईतल्या विमानांच्या लहान प्रती, रिमोटवर उडणाऱ्या. एके दिवशी मला म्हणाले, "सिद्धम्मा, हे आपल्याला जमतंय बघ." मी म्हटले, "तुम्हाला सायकल तरी धड जमली का?" ऐकतील कशाला.

नवीन माणूस जी चूक करतो ती यांनीही केली. पहिलेच विमान लढाऊ मागवले, स्पिटफायर. दिसायला देखणे, स्वभावाने खाष्ट. जरा लक्ष हलले की कलंडणार. यांनी पंखांवर आपल्या हवाई दलाचा तिरंगी गोल रंगवला, माळावर नेऊन नारळ फोडला, आणि नारळाचे पाणी वाळायच्या आत विमान जमिनीत नाक खुपसून उभे होते. मी हसले. हे नाही हसले.

मग हैदराबादच्या एका जुन्या विमानवाल्याने फोनवर समजावून सांगितले की दादा, लढाऊ विमान शेवटी. आधी शिकाऊ विमान घ्या, पंख पाठीवर असलेले, हात सोडला तरी आपोआप सरळ होणारे. त्याच्या आधी कॉम्प्युटरवर खोटे उडवा, तिथे कितीही पाडा, काही मोडत नाही. यांनी तसे केले. फ्रिजच्या खोक्यातल्या थर्माकोलचे शिकाऊ विमान घरीच बनवले. पाडले, चिकटवले, परत उडवले. पुढच्या उन्हाळ्यात स्पिटफायर माळावरून उडाले आणि चाकांवर उतरले. त्या दिवशी यांनी मला न मागता चहा करून दिला. आमच्या लग्नाला इतकी वर्षे झाली, असा चहा तो पहिलाच.

आणि मग यांना कंपवात जडला.

रिमोटला दोन दांड्या असतात. डाव्या हाताने वेग आणि शेपूट, उजव्या हाताने कलणे आणि चढउतार. हात थरथरला की वरती विमान थरथरते. एकदा ते असेच भरकटत रस्त्याकडे गेले आणि दगडांवर आपटले. कोणाला लागले नाही. पण यांनी रिमोट कपाटात ठेवला आणि बोलणेच सोडले. मी जेवायला वाढायचे, हे भिंतीकडे बघत खायचे. ते मला बघवेना. मी रिमोट बाहेर काढला आणि म्हटले, "उठा. मला शिकवा."

तेव्हापासून विमान बनवणार हे आणि उडवणार मी. टेबलावर कोपर टेकवले की यांना अजून कापायचे पाते धरता येते, सावकाश होते, पण होते. माळावर हे माझ्या मागे उभे राहतात आणि खांद्यावर थोपटून सांगतात, डावीकडे, उजवीकडे. सुरुवातीला आमची भांडणे रस्त्यावर ऐकू जायची. विमान आपल्याकडे तोंड करून येत असले की त्याचा डावा तो आपला उजवा होतो. हे डावा खांदा थोपटायचे, मी विचारायचे, "माझा डावा का त्याचा डावा?" तोवर विमान बाभळीत. शेवटी यांनी एक युक्ती सांगितली: समोरून येताना जो पंख खाली झुकला असेल, त्या बाजूला दांडी ढकल. म्हणजे झुकलेल्याला आधार दिल्यासारखे. मग मला जमले.

शिकणाऱ्याने आणखी तीन गोष्टी पाळाव्यात. उडवण्याआधी पंखांची आणि शेपटीची प्रत्येक हलती पट्टी बरोबर बाजूला हलते का ते बघावे. विमान वाऱ्याकडे तोंड करून उडवावे आणि तसेच उतरवावे. आणि बॅटरी चार्जिंगला लावून बाजारात जाऊ नये. आमची एक फुगून पेटली तेव्हा तेरखेड्याचा फटाक्यांचा माल घरात ठेवल्यासारखे झाले होते.

कलम ४. हायवेलगतचा मुरमाड माळ यांनी माझ्या नावावर घेतलेला आहे. शांतलिंगचे म्हणणे आहे की तिथे धाबा चांगला चालेल. चालेल, मी नाही म्हणत नाही. पण यांच्या हयातीत त्या माळावर नांगर लागू नये, खांब उभा राहू नये, कोणाच्या कार्याचा मांडव पडू नये. आपल्या लिंगायत रीतीप्रमाणे मला आपल्याच जमिनीत बसवून माती द्यायची आहे, तर ती जागा उत्तरेच्या बांधाकडेला, बोरीजवळ धरावी. धावपट्टीवर खड्डा घेऊ नये. समाधीचा चौथरा उंच बांधू नये, उतरताना चाक अडकते. मठाच्या स्वामींनी दुसरीकडे बोट दाखवले तरी जागा हीच.

कलम ५. शेजारचे शेतकरी बजरंग धोंडीबा मुळे यांना माझ्या मिळकतीतले काहीही देऊ नये. ज्या पावसाळ्यात चोर ड्रोन सोडून घरे हेरतात अशी आवई उठली होती, त्या पावसाळ्यात आमचे पहिले हरिकेन दिवेलागणीला त्यांच्या सोयाबीनमध्ये उतरले. आत काचेखाली यांनी केलेला मिशीवाला बाहुला बसलेला दिसत असताना या गृहस्थांनी ते काठीने बडवले आणि चोराचा ड्रोन म्हणून पोत्यात भरून ठाण्यात नेऊन दिले. आजतागायत चुकले म्हणालेले नाहीत. मात्र वकीलसाहेब म्हणतात, साक्षीदार असा असलेला बरा ज्याला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. म्हणून बजरंगरावांना साक्षीला बोलावले आहे. हे कलम त्यांच्यासमोर मोठ्याने वाचले. ते म्हणाले, "वैनी, अंधारात मिशी कुठं दिसतीय?" त्यांना चहा दिला.

कलम ६. रिमोट. घर, गिरणी, सोने याची मला काळजी नाही, ते कुठेतरी जातेच. मला धास्ती एकच आहे की मी गेल्यावर यांचे विमान कोण उडवणार. कोणी उडवले नाही तर हे परत भिंतीकडे बघत जेवतील. त्या विचाराने माझी छाती जास्त दुखते, झडपेने नाही.

शांतलिंगला विचारले. तो म्हणाला, "अव्वा, आप्पांना मी पुण्याला नेतो. बाल्कनीतनं रोज खरी विमानं दिसतेत." दिसत असतील. त्यातले एकही यांचे ऐकत नाही. दीपमालाला उंच काही बघितले की चक्कर येते. राहिली मोनिका. माझे आणि तिचे फारसे जमले नाही, तिला भाजीत तिखट कमी लागते आणि बोलण्यात जास्त. पण गेल्या वर्षी दिवाळीला आली तेव्हा कॉम्प्युटरवर शिकत बसली आणि गेल्या महिन्यात तिने शिकाऊ विमान एकटीने उतरवले. विमान अंगावर येताना ती डोळे मिटत नाही. म्हणून रिमोट मोनिकाला, या अटीवर की तिने महिन्यातून एका रविवारी नळदुर्गला यावे, यांच्यापुढे उभे राहून उडवावे, आणि यांनी खांदा थोपटला की वाद घालू नये.

इथवर लिहून झाले. वकीलसाहेबांनी सगळे वाचून दाखवले. हे कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून ऐकत होते. वाचून झाल्यावर मला म्हणाले, "समद्यांना विचारलंस. बजरंगला बी बोलावून आणलंस. मला न्हाय विचारलंस."

मी म्हटले, "तुम्हाला काय विचारायचं? तुमच्यासाठीच तर चाललंय."

"मला एकदा दे की."

"पडंल अहो."

"पडू दे. माझ्या हातनं पडू दे."

वकीलसाहेबांनी लेखणी खाली ठेवली. विमान पडेल याची भीती मला कधीच नव्हती. पडल्यावर यांचे तोंड कसे होईल, ते मला सोसणार नव्हते. माझे न सोसणे मी यांच्यासाठी म्हणून चालवत होते आणि यांनी ते गुपचूप चालू दिले. हा माणूस माझा खांदा थोपटत इतके दिवस उभा राहिला, ते विमानाच्या ओढीने की माझ्या, हे मी विचारले नाही. आता सोलापूरहून परत आले तर विचारीन.

सबब कलम ६ मधली व्यवस्था रद्द समजावी आणि तिच्या जागी पुढील कलम धरावे.

कलम ७. रिमोट, सर्व विमाने, बॅटऱ्या आणि हत्यारे माझे पती श्री. शिवलिंगप्पा यांना, विनाअट. ते स्वतःच्या हाताने उडवतील. मोनिकाने शेजारी उभे राहावे, पण मागितल्याशिवाय हात पुढे करू नये. विमान पडेल. पडले की कोणी धावत जाऊन गोळा करू नये, कोणी काही बोलू नये. यांची चाल हळू आहे. हे पोचेपर्यंत सगळ्यांनी मागे थांबावे, आणि पहिला तुकडा यांनी उचलावा.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, मला समजला आणि तो माझ्या मनासारखा आहे. खालील दोघांसमक्ष सही केली.

लिहून देणार: सिद्धम्मा शिवलिंगप्पा कलशेट्टी (सही)

साक्षीदार:
१. बजरंग धोंडीबा मुळे, शेती, नळदुर्ग (सही)
२. डॉ. श्रावस्ती आबाराव ओहाळ, नळदुर्ग (सही)

ठिकाण: नळदुर्ग
तारीख: १४ नोव्हेंबर २०२५