एक पान जास्त

३ जून, डनीडन

सामान अजून खोक्यांतच आहे, पण नोकरी सुरू झाली! विद्यापीठाचा दुर्मिळ ग्रंथ आणि हस्तलिखितं विभाग. जुन्या कागदांत बसून तूही पिवळी पडशील, असं आईनं इन्व्हरकार्गिलहून निघताना बजावलं होतं. पडेन की!

ड्रमंडबाई विभागप्रमुख आहेत. आत पेन न्यायचं नाही, फक्त पेन्सिल. हस्तलिखित वाचकाला देताना पानं मोजायची, परत घेताना पुन्हा मोजायची, कारण चोर एकेक पान नेतो. बाईंनी चीज रोल खाऊ घातले. गोड आहेत.

६ जून

एक्केचाळीस नंबरच्या पेटीत एक जाडजूड रोजनिशी आहे. दर काही पानांनी अक्षर बदलतं. केर नावाचे म्हातारे गृहस्थ ती रोज मागतात. देताना मी २११ पानं मोजली, परत घेताना २१२ भरली. चोरीचं समजतं, पण पान वाढलं कसं? बाई हसल्या. नव्या माणसाची मोजणी चुकतेच म्हणे, २१२ लिही आणि सही कर.

१० जून

मी केर यांच्यासमोरच ठाण मांडून बसले. ते तीच तीन पानं वाचतात, ओळीखालून बोट फिरवत. तरीही २१३. तुम्हीच एकदा मोजा, असं बाईंना म्हटलं, तर त्यांचे डोळे अधू आहेत म्हणे. चहाच्या वेळी त्याच बाई चष्म्याशिवाय बारीक अक्षरातलं शब्दकोडं सोडवत होत्या. पाणी कुठंतरी मुरतंय.

१३ जून

२१४. केरना जिन्यात गाठलं. ते रोज वाचतात ती पानं त्यांच्या बहिणीची आहेत. ती माझ्याच खुर्चीत बसायची आणि एका हिवाळ्यात नाहीशी झाली. जाताना म्हणाले, "पोरी, तू मोजू नकोस गं."

१७ जून

२१५. शेवटची चार पानं वाचली. अक्षर माझं. तारखा ४, ८, ११, १५ जून. माझ्या वहीत त्या तारखा नाहीत, पान फाडल्याची खूणही नाही. रविवारी फोनवर एवढी का रडत होतीस, असं आईनं विचारलं. रविवारी मी — रविवार आठवतच नाही.

१८ जून

मोजायला साफ नकार दिला. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मग मला मोजावं लागेल, आणि माझी फार थोडी पानं उरलीत गं."

नोकरी सोडली. भीती वाटते.

२० जून

घरी. दाराला कडी. माझं किती उरलंय ते पाहावं म्हणून हीच वही मोजली — सवयीनं कोपऱ्यात पेन्सिलीनं आकडेही घातले —

आकडे एकपासून नाहीत. २१६. २१७. मीच घातलेत.

आईचं नाव — ओठांवर आहे —

लिहितेय त्या ओळीखालून काहीतरी सरकतंय. बोट. सुरकुतलेलं.

केर, तुम्हीच ना? मोठ्यानं वाचा. आईला कळवा, मी इथं —