नोरीनच्या पाव्यातलं मेण

मी, आर्थर हिंडल, वय चौऱ्याहत्तर, धंदा पत्र्याचे पावे बनवणे, राहणार लेव्हनशुल्म, मँचेस्टर, हे माझे शेवटचे मृत्युपत्र लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. मला कोणी धाक दाखवलेला नाही. दाखवणारी होती ती गेल्या नाताळाआधी वारली.

कलम १. राहते घर सामानासह माझी मुलगी कॅथलीन हिला. स्वयंपाकघराचे दार पावसात फुगते, म्हणजे बहुतेक रोजच. खांद्याने ढकलावे.

कलम २. मागच्या गल्लीतला कारखाना डोरीन प्लॅट हिला. पाव्याच्या तोंडातल्या लाकडी खुंट्या इतकी वर्षे तिनेच बसवल्या. ज्या पोलादी सळईवर पत्रा वळवून नळी होते, ती माझ्या वडिलांची आहे, विकू नये. स्वस्त माल म्हणून नाक मुरडणाऱ्यांना दार दाखवावे. खोक्यावरचे हिरवे तिपानी पान, आयर्लंडची खूण, तसेच ठेवावे. माझी बायको नोरीन आयर्लंडची, क्लेअरकडची. ती म्हणायची, "तुझे पावे जन्माने मँचेस्टरचे, तरी त्यांना सगळे आयरिश म्हणून डोक्यावर घेतात. मी खरी आयरिश, तर मला दुकानात रांगेत मागे ढकलतात." ती हसून सांगायची, मीही हसायचो. त्यात हसण्यासारखे काही नव्हते.

कलम ३. नोरीनचा भाऊ फिनटन कॉन्सिडाइन. आधीच्या मृत्युपत्रात याच्या नावापुढे 'काही नाही' असे मी मुद्दाम लिहवून घेतले होते. ते रद्द. कारण सांगणे भाग आहे.

फिनटन रविवारी जेवायला यायचा. जेवण झाले की खिशातून माझाच पावा काढायचा, खुंटीच्या फटीत मेणबत्तीचे थेंब सोडायचा आणि चाकूने पत्र्याची कड दाबायचा. माझ्याच टेबलावर, माझ्यादेखत.

"तयार मालाची कसली डागडुजी करतोस रे?" मी एकदा विचारलेच.

"तयार कुठाय? तुझं काम संपलं तरी थोडं उरतंच, आर्थर. स्वस्तातला पावा म्हटल्यावर फटीतून हवा गळणार, मेण लागायचंच. सगळेच वाजवणारे करतात. तू उगाच तोंड फुगवू नकोस."

मी नोरीनचा पावा पुढे केला. लग्नाआधी मीच तिला बनवून दिलेला. "हा वाजवून बघ. याला कुणाचा हात लागलेला नाही. आहे याला तोड?"

फिनटन ताटाकडे बघत राहिला. नोरीन उठून चहाचे पाणी ठेवायला गेली.

"नाही," तो म्हणाला. "त्याला तोड नाही."

मला चेव चढला. चाकू घरी ठेवायचा असेल तरच यायचे, असे मी त्याला सुनावले. तो पुन्हा आला नाही. नोरीनच्या अंत्यविधीला चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसला आणि कोणाशी न बोलता निघून गेला.

त्यानंतर एके दिवशी मी तिचा पावा मायेने गरम पाण्यात धुतला. पाण्यावर मेण तरंगले. पुसून फुंकला, तर तो माझ्या खोक्यातल्या कुठल्याही पाव्यासारखा फसफसला. म्हणजे ती करामत फिनटनची होती, आणि मला वाईट वाटू नये म्हणून बहीणभाऊ दोघेही गप्प बसले. मी त्याला घराबाहेर काढले तेव्हासुद्धा तो बोलला नाही. नोरीनचा तो आवाज मी माझ्या हाताने मोरीत ओतला. याचे मला फार दुःख होते.

कलम ४. नोरीनचा पावा आणि खणातली मेणबत्ती फिनटनला. त्याने मेण पूर्वीसारखे भरावे आणि सोडा ब्रेड भट्टीत असताना ती जी धून वाजवायची, ती माझ्या स्वयंपाकघरात एकदा वाजवावी. मला माफ करण्याची अट नाही. मला ते ऐकू येणार नाही, हे कळते. दोनदा त्याच्या गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आलो. म्हणून कागदावर लिहितो.

लेव्हनशुल्म, मँचेस्टर. ९ मार्च १९७४.
(सही) आर्थर हिंडल

साक्षीदार:
१. रेमंड ऑग्डन, वकिलांचे कारकून. (सही)
२. ॲग्नेस मॅगिनिस, शेजारीण. आर्थरनी माझ्यासमोर सही केली. मी म्हटलं, "अहो, फिनटन चार गल्ल्या सोडून राहतो. एक धून ऐकायला मरायची काय गरज?" ऑग्डनसाहेब म्हणतात, हे इथे लिहायचं नसतं. आर्थरची बुद्धी शाबूत असल्याबद्दल मला आत्तापर्यंत शंका होती. आता आर्थर बाहेर जायला टोपी शोधताहेत, आणि खणातली मेणबत्ती त्यांच्या खिशात आहे. (सही)