नांदेडला गेलेला पाचवा पांडव

राजमान्य भागवतराव मास्तर यांस, रेणापूरहून शेषेरावाचा रामराम. इकडं मी बरा हाय, तुमची बहीण केवळाबाई रागात हाय, म्हणजे तीबी बरीच हाय. तुमचे गुडघे काय म्हणतात? फोनवर सांगायला गेलो की तुम्ही हसून फोन ठेवता, म्हणून कागद काळा करून राहिलो.

मार्गशीर्ष अमावस्येला, येळवसेच्या पूजेला, तुम्ही सगळे आमच्या रानात जेवायला आला होता (भज्जी तुम्ही कितींदा वाढून घेतली, ते सोडा). कडब्याच्या कोपीत पूजायच्या पाच पांडवांपैकी एक दगड फुटलेला, म्हणून केवळाबाईनं विहीर खणताना निघालेल्या ढिगाऱ्यातला एक जडशीळ धोंडा चुना लावून मांडला. हळदकुंकू झालं, नैवेद्य दाखवायचा होता, तेवढ्यात तुमच्या लेकीनं, तनुजानं, नखानं चुना खरवडला. पोरगी भूगर्भशास्त्र शिकती, दगड दिसला की तिचा हात काय थांबत न्हाई. ओरडली, "मामा, ही हत्तीची दाढ हाय! होलोसीनच्या आधीची!" तिच्या म्हणण्यानं होलोसीन म्हणजे आपलं युग; वरची काळी माती त्यातली, जगावरचं बर्फ वितळल्यानंतरची, खालच्या पिवळ्या मातीत त्याआधीची जनावरं. (आपलं युग बारा हजार वर्षांचंसुद्धा न्हाई म्हणं. म्हणजे माझ्या सातबाऱ्याआधी या रानाला दुसरा मालक होता.) मी कौतुकानं मान हलवली, आन् तिनं पूजलेला पांडव पिशवीत घालून तुमच्या घरी नांदेडला नेला. तोबी उपाशी!

तवापासून रानात काहीतरी फिरून राहिलंय. हरभऱ्यात परातीएवढे गोल खड्डे, एकापुढं एक, कुणी चालत गेल्यासारखे. फाल्गुनाच्या उन्हानं टाळू तापती, आन् खड्ड्यातल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा. बोट लावून बघितलं, खरंच बर्फ. लई भ्यालो मास्तर, खोटं कशाला सांगू? कोपीत गेलो तर चारही पांडव कडेला सरकलेले, मधी एकाची जागा मोकळी. केवळाबाई आंबिलीचं मडकं ठेवती, ते दुपारपर्यंत चाटूनपुसून साफ. कापणीला आलेली तुळजाबाईची टोळी भर उन्हात कुडकुडत विळे टाकून पळाली. इकडं घाटे तडकून हरभरा मातीत चाललाय. वर्षाचं पीक असं डोळ्यांदेखत जाताना जीव तुटतो हो.

बाकी सगळं ठीक. वहिनींना नमस्कार.

तुमचा,
शेषेराव

ता.क. : ती दाढ परत आणा. बसच्या टपावर टाकू नका, मांडीवर घेऊन या. आन् निघण्याआधी तिला नैवेद्य दाखवा.

ता.क. दुसरं : पाकीट चिकटवायच्या आधी रानात जाऊन आलो. खड्डे बांध ओलांडून नांदेडच्या रस्त्याला लागलेत. रानात ऊन पहिल्यासारखं झालं, तुळजाबाईची टोळीबी परत आली. तवा दाढ आणायची घाई करू नका. हरभरा निघेपर्यंत तुमच्याकडंच राहू द्या. केवळाबाई मात्र रडून राहिली. म्हणती, दारात मोठं मडकं भरून आंबील ठेवा, आन् एखाद्या सकाळी उंबरा गार लागला तर तनुजाला एकटीला दार उघडू देऊ नका.