सहा वाजून पाच मिनिटं

३ जून, बुधवार
डहाणूत पोचलो! जतीनशेठनी टोपलीभर चिकू पुढे केले आणि मासळीच्या कोल्ड स्टोरेजमधला कॉम्प्युटर माझ्या ताब्यात दिला. मी संगमनेरचा, माळकरी घरातला. मासळीचा वास आला की मी नाक दाबतो. पण माझी खोली वरच्या मजल्यावर. खालच्या चार थंड खोल्यांचं तापमान आणि अकरा माणसांचे आल्यागेल्याचे अंगठे, सगळं स्क्रीनवर दिसतं. खाली पाऊल टाकायचं कारणच नाही. रुमालात कापराची वडी बांधून ठेवली आहे.

५ जून, शुक्रवार
नोंदी म्हणजे नुसती चाळण! वीज गेली, अंगठा ओला असला, की आकड्याच्या जागी 'एनएएन', म्हणजे आकडाच नाही. असा एक जरी बेरजेत शिरला तर सगळी बेरीज एनएएन. एका कुजक्या बोंबलाने टोपली नासावी तसं. दुपारी नियम लावून टाकला: जागा रिकामी दिसली की आधीची नोंद पुढे ओढायची. सगळं चकाचक झालं. शेठ खूश, मी त्यांच्याहून खूश.

९ जून, मंगळवार
रानशेतची हिरी आली होती. तिचा नवरा लाहू आमच्याकडे हमाल आहे; शुक्रवारपासून घरी गेलेला नाही म्हणे. सध्या मासेमारी बंद, माणसं कमी. इथले म्हणतात तो शेठच्या तलासरीच्या गोदामात, तिथले म्हणतात तो इथे. मी तिला स्क्रीन दाखवली. रोज नऊला आत, सहा वाजून पाचला बाहेर. ती एवढंच म्हणाली, "माना वाचता येत नाय, दादा. पण तो घरी नाय आला." घरची भांडणं इथे कशाला आणतात, असं मी सुपरवायझर प्रवीणला म्हणालोही.

११ जून
वास वर आला. जिन्यात, कपड्यांत, चहात. शी! चार नंबरच्या खोलीकडून येतोय, पण स्क्रीनवर तिथे उणे अठरा. शेजारी मासळी सुकवणाऱ्या विठाबाई नाकाला पदर लावून सांगून गेल्या, हा वास मासळीचा नाय. मी कापूर दुप्पट केला.

१२ जून
शेवटी खाली उतरलो. चार नंबरच्या दाराखालून पिवळं पाणी. त्यात अळ्या — जाड, वळवळत्या. तिथेच ओकलो. प्रवीण म्हणतो, आकडा बरोबर आहे ना, मग ती खोली मोसमाआधी उघडायची नाही.

१३ जून, सकाळ
मूळ फाईल उघडली. चार नंबरचं तापमान ५ तारखेच्या शुक्रवारी दुपारी चारपासून रिकामं. लाहूचा शेवटचा अंगठा त्याच सकाळचा. आत. बाहेरचा नाहीच. सहा वाजून पाच ही गुरुवारची नोंद, माझ्या नियमाने रोज पुढे ओढली. रोज मीच त्याला घरी पाठवत होतो. माझी मलाच किळस येते. खाली जातो.

१३ जून, नंतर
खोक्यांमागे होता. चेहरा — नाही, लिहवत नाही. दार आतून उघडायची कडी तुटून त्याच्या मुठीत. मी दोन्ही हातांनी नाक दाबलं. दार सुटलं — मिटलं.

मोबाईलला रेंज नाही. वही खिशात होती, त्याच्याच टॉर्चवर लिहितोय. अळ्या बुटांवर —

नियम आधी काढायला हवा होता. आधी —

माझा आजचा अंगठा आत. बाहेरचा कॉम्प्युटर भरेल. उद्याचाही. हिरी पुन्हा येईल. प्रवीण स्क्रीन दाखवेल. लाहू बाहेर, सहा वाजून पाच. मीही बाहेर, सहा वाजून —