चुटकी वाजेपर्यंत

प्रिय चिमणे,

काल तुझे एकामागून एक फोन आले, मी उचलले नाहीत. घरातच होते, हातही रिकामे होते, तरी उचलले नाहीत. फोनवर तू रडायला लागलीस की मी विरघळते, आणि ऑफिसातले शब्द फेकायला लागलीस की मला काही सुधरत नाही. दोन्ही वेळा माझंच बोलणं राहून जातं. म्हणून चष्मा पुसून पत्र लिहायला बसलेय. तुला मधे तोंड घालता येणार नाही, तेवढंच सुख.

तुझा दादा बरा आहे. आत्ता माझ्यासमोर जमिनीवर बसून मोज्यांच्या जोड्या लावतोय. तुझा एक जुना मोजा कुठूनसा सापडलाय, त्याला जोडीदार मिळेना म्हणून वैतागलाय. माझं लॉन्ड्रीतलं काम चालू आहे. हॉस्पिटलच्या चादरी काही संपत नाहीत, आणि माझे गुडघे काही ऐकत नाहीत. मास्तर मात्र आता येत नाहीत. हे तुला माहीत आहे, पण तू एकदाही त्यांचं नाव काढत नाहीस, म्हणून मी काढते. सकाळी मी कामावर गेले की सरकारी मदत योजनेतून आलेला तो माणूस दादाजवळ बसायचा, त्याला आंघोळ घालायचा, बागेत फिरवून आणायचा, मी येईपर्यंत हलायचा नाही. आता आठवड्यातून एकदा एक मुलगी येते, दारातूनच विचारते सगळं ठीक ना, आणि जाते. दादा अजून रोज सकाळी मास्तरांची चप्पल शोधतो.

तुझं ते ऑनलाइन कॉलेज आठवतं का गं? तू केंद्रात मदतनीस होतीस. दादासारख्या माणसांना दिवसभर सांभाळायचीस, आणि कुठल्याही दिवशी घरी बसवतील म्हणून जीव मुठीत धरून असायचीस. पदविका मिळाली तर कायम करू, असं तुला सांगितलेलं. मग संध्याकाळी आपल्या स्वयंपाकघरातच कॉलेज भरायचं. टेबलावर तुझा लॅपटॉप, पडद्यावर चौकोनाचौकोनात दमलेली तोंडं, सगळी दिवसभर कुणाचं ना कुणाचं करून आलेली. दादा तुझ्या मागे येऊन त्या चौकोनांना हात करायचा आणि सगळा वर्ग त्याला उलट हात करायचा. तुमच्या बाई म्हणायच्या, वर्गाचा मॉनिटर आला, आता सुरू करू या. मी कांदा चिरता चिरता सगळे तास फुकटात ऐकले. अभिमान वाटायचा मला. खोटं कशाला बोलू, फार वाटायचा.

एक धडा तर मला पाठच झाला. ज्याला खुणा लागतात त्याला आधी पूर्ण खूण द्यायची, मग अर्धी, मग नुसती नजर, आणि शेवटी काहीच नाही. खूण हळूहळू काढून घ्यायची, माणसाला कळूही न देता. मला वाटलं, हे तर आपल्या दादासाठीच लिहिलंय. त्याला कामं कळतात, पण एकामागून एक लावता येत नाहीत. चहाचंच घे. पातेलं, पाणी, गॅसची कळ, लायटर, सगळं येतं त्याला. फक्त आता पुढचं कर, हे कुणीतरी सांगावं लागतं. त्याच्यासाठी लहानपणापासूनच्या माझ्या खुणा आहेत. गळ्याला हात लावला की पाणी, मनगट फिरवलं की कळ, चुटकी वाजवली की लायटर. आपण ठरवलं होतं, या खुणा एकेक करून कमी करायच्या. वर्ष लागो, दोन वर्षं लागोत.

पण तुझ्या परीक्षेला वर्ष कुठे होतं? तुला शेवटचा टप्पा दाखवणारा व्हिडिओ पाठवायचा होता. माणूस एकटा, खूण शून्य. तुझी तारीख डोक्यावर आली आणि दादा तर पहिल्याच पायरीवर. मग खुणा कमी करायच्या त्या तू लपवल्यास. तू फोन धरलास आणि मला तुझ्या खांद्यामागे उभं केलंस. चुटकीचा आवाज येईल म्हणून नुसती बोटं जोडून दाखवायला लावलीस. मी दाखवली. तुझी नोकरी होती, दुसरं काय करणार होते? त्याने चहा केला, इतका छान केला की आपण तिघंही हसत प्यायलो. तुमच्या परीक्षकांनी लिहिलं, ही व्यक्ती पूर्ण आत्मविश्वासाने कॅमेऱ्याच्या नजरेला नजर देते. अगं, तो कॅमेऱ्याकडे कशाला बघेल? तो माझ्याकडे बघत होता.

तू पहिली आलीस. केंद्रात कायम झालीस, मग मोठ्या शहरात गेलीस, आणि आता त्याच कॉलेजात त्याच पडद्यावर शिकवतेस. तेही ठीक. पोरगी पुढे गेली तर कुठल्या आईला वाईट वाटतं? पण शिकवताना तू तोच व्हिडिओ दाखवतेस, चिमणे. हे मला तू सांगितलं नाहीस. दादाला किती मदत लागते ते ठरवायला योजनेकडून पाहणीला आलेल्या चष्मेवाल्या बाईंनी सांगितलं. त्या तुझ्या विद्यार्थिनी. त्यांनी दादाला बघितलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू. म्हणाल्या, हे तर आमच्या धड्यातले, यांना तर सगळं एकट्याला येतं. पुढच्याच महिन्यात मास्तर बंद झाले. बाईंना मी काय दोष देऊ? त्यांनी जे शिकवलं तेच केलं, आणि शिकवणारी माझ्या पोटची.

त्यानंतर काय झालं ते मी तुला फोनवर अर्धंच सांगितलं होतं, आता पूर्ण ऐक. मी कामावर होते. दादाला चहा हवासा वाटला असणार. कधी नव्हे ते नुसत्या सवयीने त्याने पातेलं ठेवलं, पाणी घातलं, कळ फिरवली, आणि तिथे अडकून लायटर हातात घेऊन उभा राहिला. चुटकीची वाट बघत. समोरच्या शिंपीणबाईला जिन्यात वास आला, तिच्याकडे आपली किल्ली असते म्हणून निभावलं. तिने कळ बंद केली, खिडक्या उघडल्या, तरी हा लायटर सोडेना. मी धावत आले तर घरभर तो वास, आणि हा ओट्यापाशी खोकत उभा. मला बघून त्याने काय केलं माहीत आहे? माझा हात धरला आणि माझी बोटं एकमेकांवर दाबली. जणू विचारत होता, आई, कुठे होतीस इतका वेळ?

मी अर्ज केला, मास्तर परत द्या म्हणून. त्यांचं उत्तर आलं, गुरुवारी आम्ही घरी येऊन स्वतः बघतो. हे तुला सांगितलं तेव्हा वाटलं होतं, तू म्हणशील, आई, मी येते, मी सांगते त्यांना. तू काय म्हणालीस? तुझ्याच शब्दांत लिहिते, म्हणजे तुला नीट वाचता येईल. ‘त्याला एकट्याला करू दे, तो अडकेल. मग सांग की आधी यायचं, आता विसरत चाललाय. त्याचे मदतीचे तास परत मिळतील आणि माझंही काही जाणार नाही.’ सापही मरेल आणि काठीही तुटणार नाही, असंच ना? मी चष्मेवाल्या बाईंना सहज म्हणून विचारलं, एखादा विसरायला लागला तर काय करता? त्या गोड आवाजात म्हणाल्या, मग त्याला घरी ठेवणं धोक्याचं, आम्ही निवासी संस्थेत जागा बघतो. तुला हा नियम ठाऊक नव्हता असं नको म्हणूस. तू शिकवतेस तो. म्हणजे खोटं आपण दोघी बोललो, आणि घर सोडायचं त्याने.

आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणून इतके दिवस गप्प बसले. पण तो काहीही विसरलेला नाही, चिमणे. माझी एकेक खूण त्याच्या ध्यानात आहे. विसरली असशील तर तू. तुझ्या पहिल्या पगारातून त्याला आणलेला निळा कप तो अजून दुसऱ्या कुणाला लावू देत नाही, तो तरी आठवतो का? मला तुझा राग आलाय, आणि तो लवकर जाणार नाही. तुझी पदविका जाईल, नोकरी जाईल, वर्गापुढे मान खाली घालावी लागेल, हे मला कळतं. रात्रंदिवस राबून मिळवलंस ते. तरीही तुला आवर्जून हे आधी कळवतेय, नंतर कुणा परक्याकडून कळू नये म्हणून. गुरुवारी ती मंडळी आली की मी त्यांच्या मागे उभी राहणार नाही. त्यांच्या पुढे, ओट्याच्या बाजूला, सगळ्यांना दिसेल अशी उभी राहीन. गळ्याला हात लावीन, मनगट फिरवीन, आणि खालच्या मजल्यावर ऐकू जाईल अशी चुटकी वाजवीन. चहा फक्कड होईल. मग ज्याला जे समजायचं ते समजेल, मला तोंड उघडायचीही गरज पडणार नाही. सकाळची गाडी पकडलीस तर वेळेत पोहोचशील. येणार असलीस तर दादाला तुझाही कप काढून ठेवायला सांगते.

तुझीच, आणि त्याचीही,
आई