तुमच्यासाठी टॅक्स सोडला

अण्णा, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, पण बंगळूरजवळच्या येलहंक्याच्या जुन्या पेठेत तुम्ही अजून रोज माझ्या डोक्यावर बसलेले असता, म्हणून हे लिहिते आहे. रागाने लिहिते आहे, तेही आधीच सांगते. सकाळी दुकानाचं शटर वर करते, देवापुढे उदबत्ती लावते, ती नीट पेटलेलीही नसते, तोवर पायरीवरून कुणीतरी म्हणतंच, "टॅक्स बिडी अक्का, सोडा की, अण्णा सोडत होते." कुणी कानडीत म्हणतं, कुणी मराठीत म्हणतं, परवा एका रिक्षावाल्यानं हिंदीत म्हटलं. आपल्या बापाचं कौतुक ऐकून लेकीला बरं वाटावं असं म्हणतात. मला हातातली कापड मोजायची मीटरपट्टी फेकून मारावीशी वाटते.

तुम्ही नक्की काय सोडत होतात हो? मी तुमच्या गल्ल्याशेजारी लहानाची मोठी झाले, मला काय शिकवता! खणाचा भाव तुम्ही मुळातच चढवून सांगायचात. मग त्यावर सेल्सटॅक्स म्हणून एक आकडा पुटपुटायचात, सुस्कारा टाकायचात, समोरच्या बाईच्या तोंडाकडे बघायचात आणि म्हणायचात, "जाऊ दे अक्का, तुमच्यासाठी टॅक्स सोडला." बाई अशी काही खुलायची की जणू माहेरहून साडी आली! सरकारला तिच्याकडून काही पोचायचं नाही आणि तुमच्याकडून तर नाहीच नाही. जे कधी भरलंच नाही ते तुम्ही गावभर वाटत सुटलात, आणि गावानं तुम्हाला दिलदार ठरवलं. तुमच्या तेराव्याला लोक हेच बोलत होते, पत्रावळीवर बसून.

मी सातवीत आहे. तुम्ही जेवायला आत गेला आहात आणि मी गादीवर बसले आहे. एक शाळेतल्या बाई येतात, गॅदरिंगसाठी खण घेतात आणि शाळेला दाखवायला बिल मागतात. मी खालच्या फळीवरचं बिलबुक शोधून काढते, त्याच्यावरची धूळ फ्रॉकनं पुसते, आणि शाळेत शिकवलेली टक्केवारी पहिल्यांदाच कुठेतरी उपयोगी पडते आहे म्हणून हरखून टॅक्सची ओळ लिहिते. तेवढ्यात तुम्ही हात पुसत बाहेर येता. बिल माझ्या हातातून ओढून टराटरा फाडता आणि त्या बाईंना हसून सांगता, "हिला दुकान कळत नाही हो, उद्या कुणाच्या तरी घरी भाकऱ्या थापायच्यात हिला." त्या बाईही हसल्या, अण्णा. टॅक्स सुटला होता ना! माझ्या लग्नात मला आहेराचा खण देताना तुम्ही जावयासमोर म्हणालात, "याचाही टॅक्स सोडला बरं का." सगळा मांडव हसला, आणि मी मान खाली घालून उभी होते.

दादा नोकरीसाठी लांब गेला, दुकान विकून टाकू म्हणाला, आणि भाकऱ्या थापणारीच शेवटी तुमच्या गादीवर येऊन बसली. नुसते खण विकून भागेना, म्हणून मी लहान मुलींची परकर-पोलकी शिवायला घेतली. शिवण माझी स्वतःची आहे. तुमच्या वेळी शिंपी आतून कडा तशाच सोडायचा, दोन धुण्यांत दोरे लोंबायचे. मी प्रत्येक शिवण आतून बंद करते. मग भाचीनं फोटो काढून ती ऑनलाइन चढवली. पुण्याच्या, नागपूरच्या बायका मागवायला लागल्या. आता राज्याबाहेर ऑनलाइन विकायचं म्हणजे जीएसटीचा नंबर लागतो. मी घेतला. मला खुळीला वाटलं, नंबर फोनवरच्या विक्रीपुरता आहे. हिशेब बघणारा म्हणाला, "नंबर फोनला नसतो अक्का, तुम्हाला असतो. आता गल्ल्यावर विकलेल्या खणालाही टॅक्स लावायचा." शंभराला पाच. समोरच्या दुकानदाराला नंबर नाही, तो रस्त्यात उभा राहून ओरडतो, आमच्याकडे टॅक्स नाही! आणि ऑनलाइनची गंमत ऐका. तिथे कंपनीचं कमिशन, कमिशनवर वेगळा टॅक्स, कुरिअर, आणि माल परत आला तर जाण्यायेण्याचा भुर्दंड माझ्याच माथी. म्हणून तिथला भाव मला दुकानापेक्षा जास्त ठेवावा लागतो. पण टॅक्स त्यातच मिसळलेला असतो. गिऱ्हाइकाला एकच आकडा दिसतो, आणि फोनशी हुज्जत कोण घालणार? तिथे दुकानाला मी वेगळं नाव दिलं आहे. तुमचं नाव नाही घातलं. मुद्दाम नाही घातलं.

शहराच्या पार दुसऱ्या टोकाहून, बेळ्ळंदूरहून, एक मूळची पुण्याची मुलगी सगळी सकाळ ट्रॅफिकमध्ये घालवून आली होती. चार पोलकी उलटसुलट बघितली, फोटो काढले. म्हणाली, "काकू, क्वालिटी एकदम मस्त आहे, पण वर जीएसटी का? ऑनलाइन तर काही एक्स्ट्रा लागत नाही." आणि मला फोनवर माझंच पोलकं दाखवलं. मी म्हटलं, मग तिथूनच घे बाई. तिला ते लागलं, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

पण मारुतीच्या देवळामागच्या अक्का आल्या तेव्हा वाटलं. त्यांच्या घरातलं एकही लग्न, एकही बारसं आपल्या दुकानाशिवाय झालेलं नाही. पणतीच्या वाढदिवसाला परकर-पोलकं हवं होतं. मी त्यांना स्टूल दिलं, कॉफी मागवली, बिल केलं. त्यांनी चष्मा वर करून शेवटची ओळ पाहिली. "हे काय गं? सोड की."

"नाही सोडता येत अक्का. सोडला तर मला माझ्या खिशातून भरायला लागतो."

"मग अण्णा कुठून भरायचे?"

खवचटपणे नव्हत्या विचारत हो. खरंच विचारत होत्या. काय सांगायला हवं होतं मी? की अक्का, तुम्हाला आयुष्यभर फसवलं, ते भरतच नव्हते? जिभेवर आलं होतं. समोर तुमचा हार घातलेला फोटो, अक्का त्याला नमस्कार करून आत आलेल्या. मी गिळलं. त्यांनी माझ्या गप्प बसण्याचा अर्थ लावला तो असा की मी चिक्कू आहे. "अण्णांचा हात सैल होता, तुझा आखडता," म्हणाल्या. "दुकानाची कळा गेली बघ." कॉफी अर्धी टाकून, काही न घेता उठल्या आणि नंतर देवळात दिसल्या तरी मान फिरवायला लागल्या. तुमची अब्रू मी राखली, अण्णा, आणि माझी गेली. गावात आता मी अण्णांची लोभी मुलगी. खरं वागले म्हणून! तुमच्यावर इतकी चिडले मी त्या दिवशी, की फोटोला हारही बदलला नाही. अजून तोच सुकलेला आहे.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ऑनलाइन एक मागणी आली. पत्ता वाचते तर मारुतीच्या देवळामागचा. नाव अक्कांच्या नातवाचं. अक्कांसाठी बिल केलं होतं त्याच मापाचं, त्याच हिरव्या खणाचं परकर-पोलकं. शटर अर्धं ओढून मी चालत जाऊन देऊन आले असते. पण तसं चालत नाही. पुडकं बांधलं, कुरिअरवाला घेऊन गेला, ते शहराबाहेरच्या कुठल्या गोदामात जाऊन पुन्हा याच पेठेत आलं. दुकानातल्यापेक्षा जास्त पैसे देऊन घेतलं त्यांनी, टॅक्ससकट. पुडक्यात बिल होतं, टॅक्सची ओळ होती, आपल्याच दुकानाचा पत्ता होता. ते कोण वाचतंय!

आज दुपारी अक्का तेच पोलकं घेऊन दुकानात आल्या. बाहीत स्वल्प सैल करून हवं होतं. बसल्या नाहीत, उभ्यानंच सुनावलं. "हे बघ, फोनवरून मागवलं. टॅक्स नाही, काही नाही, सरळ व्यवहार. कोण कुठली बाई आहे देव जाणे, पण हात बघ तिचा." आणि पोलकं उलटं करून मला आतली शिवण दाखवली. "एक दोरा सुटलेला नाही. अण्णांच्या दुकानात अशी शिवण आम्ही कधी पाहिली नाही गं. शीक जरा."

आता तुम्हीच सांगा, मी काय म्हणायचं? ते माझं आहे एवढंच म्हटलं असतं तर त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं असतं. पण मग पुन्हा ते अण्णांच्या दुकानातलं झालं असतं. मी बाही सैल करून दिली, मजुरी घेतली, बिलही दिलं. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच आहे, तेव्हा एवढं सांगायला हरकत नाही. अक्का पायरी उतरत होत्या, तेव्हा मी त्यांना हाक मारून थांबवलं आणि विचारलं, शिवण कशी आहे म्हणालात? त्यांनी पुन्हा सगळं सांगितलं. मला पहिल्याच वेळी नीट ऐकू आलं होतं.